ओवेनचा आवाज मराठीत कसा काढायचा

साताऱ्यात वाचनकट्ट्यावर जॉन आयर्विंगची ‘अ प्रेयर फॉर ओवेन मीनी’ ही कादंबरी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न देवाचा येत नाही, छपाईचा येतो. ओवेन हा अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या एका गावातला, फार बुटका आणि विचित्र आवाजाचा मुलगा; त्याची गोष्ट सांगतो त्याचा मित्र जॉन व्हीलराइट. या कादंबरीत ओवेन जे जे बोलतो ते सगळं कॅपिटल अक्षरांत छापलंय. शाळेच्या वार्तापत्रात तो सदर लिहितो, तेही कॅपिटलमध्ये. इंग्रजीतून वाचताना तो आवाज आधी डोळ्यांना बोचतो, मग अंगवळणी पडतो, आणि शे-दोनशे पानांनंतर तो पानावर दिसला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. देवनागरीत मुळात लहान-मोठी लिपीच नाही. मग चर्चेसाठी चार पानांचा मराठी उतारा करून वाटायचा, तर ओवेनला बोलतं कसं करायचं?

सगळ्यांना आधी सुचतं ते ठळक टाईप. तो फसतो. ठळक अक्षर आपल्या डोळ्याला मथळा वाटतं, आणि सलग अर्धं पान ठळक आलं की वाचणारा ते वाचतच नाही, ओलांडून पुढं जातो. टाईप मोठा करावा, म्हणजे बाकी मजकूर १२ पॉइंटांत आणि ओवेन १५ पॉइंटांत, तर रफार, वेलांट्या आणि खालचे उकार शेजारच्या ओळींत घुसतात. ओळींमधलं अंतर २२ पॉइंटांपर्यंत नेलं की घुसणं थांबतं, पण चार पानांची सहा पानं होतात. अक्षरं सुटी करायला गेलं तर शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अवग्रह घालून ‘नाऽऽही’, ‘ऐऽऽक’ असं ताणलं तर ओवेनचा सोंगाड्या होतो. तो विनोदी आहे, पण सोंगाड्या नाही.

चालतो तो उपाय पोथीतला. हस्तलिखित पोथ्यांत श्लोक काळ्या शाईत आणि ‘श्रीभगवानुवाच’, दंड, अध्यायाची समाप्ती लाल शाईत, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. इंग्रजी बायबलच्या काही आवृत्त्यांतही ख्रिस्ताची वाक्यं लाल छापतात. १८९९पासून तशा आवृत्त्या निघतायत. ओवेन नाताळच्या नाटकात बाळ येशू होतो, हे आठवलं की त्याच्या कॅपिटल अक्षरांमागं कुणाची सावली आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून ओवेन लाल.

फक्त लाल शाईतला उतारा साध्या झेरॉक्सला देऊ नका. लाल काळं होऊन येतं आणि कुठं ओवेन, कुठं जॉन, काही कळत नाही. आधी सगळं काळ्यात काढायचं, प्रती करायच्या, आणि मग ओवेनच्या वाक्यांच्या डावीकडं समासात लाल बॉलपेननं उभी रेघ मारायची. पंधरा जणांच्या चार-चार पानांच्या प्रती म्हणजे साठ पानं. दोघं बसले तर चहा गार व्हायच्या आत संपतं.

मोठ्यानं वाचताना दुसरी गंमत होते. ज्याच्याकडं ओवेनची वाक्यं येतात तो हटकून नाकात, बारीक आवाजात वाचायला लागतो. सगळे हसतात. दोन मिनिटांनी कुणीच हसत नाही आणि वाचणाऱ्याचा घसा बसतो. ओवेनचा आवाज बारीक आहे म्हणून विचित्र नाही. त्याचा गळा कायमचा किंचाळण्याच्या अवस्थेत अडकलेला आहे आणि तरी तो अतिशय ठाम, शहाण्यासारखी वाक्यं बोलतो. ही विसंगती दाखवायची तर आवाज बदलायचा नाही, सूर बदलायचा. मराठी वाक्याच्या शेवटी आपण सूर खाली सोडतो. ओवेन वाचणाऱ्यानं तो सोडायचा नाही. प्रत्येक शब्दावर सारखा भार, शेवटच्या ‘आहे’वरसुद्धा. बसचा कंडक्टर थांब्याची नावं पुकारतो तसा सपाट, न थकणारा स्वर. आणि सगळ्या बैठकांना ओवेन एकानंच वाचायचा. दर वेळी माणूस बदलला तर आवाजाची सवय होत नाही, आणि या पुस्तकाचं निम्मं काम त्या सवयीवर चालतं.

आता पानांचा हिशेब. आवृत्तीनुसार साडेपाचशे ते साडेसहाशे पानं, प्रकरणं नऊच, म्हणजे एकेक प्रकरण चांगलं लांब. दर पंधरा दिवसांनी एक अशा पाच बैठका पुरतात: पहिली दोन प्रकरणं, मग तिसरं-चौथं, पाचवं-सहावं, सातवं-आठवं आणि शेवटचं एकटं. रोज आठ-नऊ पानं पडतात. गळती होते ती दोन ठिकाणी. एक तर अगदी सुरुवातीला, जिथं व्हीलराइट घराण्याची वंशावळ आणि कोण कुठल्या चर्चचा याचा खल चालतो. दुसरी, मध्येमध्ये येणाऱ्या १९८७च्या टोरांटोतल्या नोंदींपाशी: चाळिशी ओलांडलेला, शाळेत इंग्रजी शिकवणारा जॉन अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या राजकारणावर चिडचिड करत बसतो. ‘हा बाबा पेपर वाचून एवढा का तडकतो?’ ही प्रतिक्रिया ठरलेली. तक्रार खोटी नाही, त्या नोंदी खरंच कंटाळवाण्या होतात. पण त्या गाळून वाचायला सांगू नका. मित्र गेल्यानंतर वीस वर्षांनी माणसाचं काय होतं, ते पुस्तकात दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नाही. तिथं आलात की वेग वाढवा, एवढंच सांगावं.

बेसबॉलची अडचण मात्र पहिल्याच बैठकीत सोडवावी लागते, नाहीतर पहिलं प्रकरण वाया जातं. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला फाऊल बॉल म्हटलं की नो बॉलसारखं काहीतरी वाटतं. तसं नाही. मैदानाच्या दोन रेघांमधल्या कोनातच चेंडू मारायचा असतो. बाहेर गेला की फाऊल. विकेटकीपरच्या मागं किंवा स्क्वेअर लेगला मारलेला फटका तिथं धाव देत नाही, हे सांगितलं की डोक्यात बसतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चेंडू बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला तरच तो वैध धरतात, आणि चार वेळा बाहेरून गेला तर बॅटरला फुकटात पहिला तळ (बेस) मिळतो. ओवेन इतका बुटका की त्याच्यापुढं हा पट्टा वीतभर उरतो. त्याला खेळवतात ते बॅट न फिरवता उभं राहण्यासाठी. १९५३च्या उन्हाळ्यातल्या त्या एका दिवशी प्रशिक्षक त्याला म्हणतो, मार. तो मारतो. चेंडू बाहेर जातो आणि जॉनच्या आईला लागतो. ‘एरवी तो मारतच नाही’ हे ज्याला माहीत नाही त्याला तो नुसता अपघात वाटतो. ज्याला माहीत आहे तो तिथंच पुस्तक मिटून दोन मिनिटं गप्प बसतो. फळ्यावर एक आकृती काढा. पाच मिनिटं लागतात.

शेवट फोडू नका, अशी विनंती काहीजण करतात. ती या पुस्तकापुरती फार ताणू नये. कथा सांगणारा पहिल्याच वाक्यात कबूल करतो की हा मुलगा माझ्या आईच्या मरणाला निमित्त झाला आणि त्याच्यामुळंच मी देव मानतो. काय घडणार ते कळलेलंच असतं. झाकून ठेवायचं ते ‘कसं’. पुढच्या परिच्छेदांत तेही उघडं पडणार आहे, तेव्हा ज्यांचं वाचन अर्धवट आहे त्यांनी इथं थांबावं.

प्रतिक्रिया गोळा करायची पद्धत साताऱ्यात थोडी जपून ठरवावी लागते, कारण आपल्या गावात मान मोठा. बैठकीत एक निवृत्त मुख्याध्यापक असतातच. ते आधी बोलले की पुढचे दहाजण ‘सर म्हणतात तसंच, फक्त मला असंही वाटतं की’ असं म्हणून तेच परत सांगतात. त्यावर उपाय साधा आहे. आल्या आल्या प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कोरा कागद द्यायचा. त्यावर तीनच गोष्टी: जिथं थांबलात त्या पानाचा आकडा, तिथली एक वस्तू, आणि एक प्रश्न. नाव नाही. बोलणं सुरू व्हायच्या आत कागद गोळा करायचे, फेटायचे, आणि वाचून दाखवायचं काम वयानं सगळ्यात लहान असेल त्याच्याकडं. बाराजणांना दोन-दोन मिनिटं धरली तरी अर्धा तास होत नाही. मग सरांनी बोलावं. ते चांगलंच बोलतात, पण तोवर बाकीच्यांचं मत कागदावर आलेलं असतं.

‘आवडलं का?’ हा प्रश्न कागदावर नको. त्याचं उत्तर ‘हो, छानच’ असं येतं आणि विषय संपतो. वस्तू विचारली की माणूस नेमकं बोलतो. या कादंबरीत तर वस्तूंवरच सगळं उभं आहे, आणि पाचही बैठकांचे कागद एकत्र मांडले की काय दिसतं ते बघण्यासारखं असतं. पेंढा भरलेला आर्मडिलो, म्हणजे अंगावर कवच असलेला प्राणी: जॉन तो ओवेनला देतो, ओवेन परत करतो तेव्हा पुढच्या पायांची नखं काढलेली असतात. शिवणकामाचा पुतळा, जॉनच्या आईचा, बिनहातांचा. मेरी मॅग्डालीनची मूर्ती, तिचेही हात तोडलेले. गावाची जमीन ज्यानं गोऱ्यांना दिली त्या आदिवासी प्रमुखाची निशाणी, तीही हात नसलेल्या माणसाची. ज्यानं त्यानं आपापलं पान लिहिलेलं असतं, कुणालाच पूर्ण यादी माहीत नसते. कागद टेबलावर ओळीनं ठेवले की टेबलाभोवती शांतता पसरते. कारण शेवटच्या प्रकरणात ओवेनचे हात जातात. हे कुणी समजावून सांगितलं तर ते प्रतीकांचं गणित होतं. वाचकांच्याच अक्षरांतून समोर आलं तर ते अंगावर येतं.

जॉनचं बोटही याच रांगेतलं. व्हिएतनामला जावं लागू नये म्हणून ओवेन दगड कापायच्या हिऱ्याच्या चाकावर त्याच्या उजव्या हाताची तर्जनी कापतो. ओवेनच्या घरचा धंदा ग्रॅनाइटचा: खाण आणि थडग्यांचे दगड. स्वतःच्या थडग्याचा दगडही त्यानं तारखेसकट आधीच कोरून ठेवलेला आहे. ८ जुलै १९६८.

आणि इथं साताऱ्यात चर्चा पेटते. मरणाची तारीख आधी कळते म्हणजे काय? दहाव्या मिनिटाला कुणीतरी दाभोलकरांचं नाव घेतं, आणि ते साहजिक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती त्यांनी स्थापन केली ती १९८९मध्येच, ज्या वर्षी ही कादंबरी आली. २०१३मध्ये त्यांचा खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. या गावात ‘श्रद्धा’ हा शब्द रिकामा उच्चारता येत नाही. म्हणून वाद टाळू नये. तो कुठल्या पानावर घालायचा एवढं ठरवावं. तारखेवर घातला तर दोन्ही बाजू आपापली पाठ केलेली वाक्यं म्हणून घरी जातात. समितीची जाहीर कसोटी लावून बघा: देवाच्या नावानं कुणाचं शोषण होतंय का? ओवेनला आपल्या मरणाचं स्वप्न पडतं, पण ते तो कुणाला विकत नाही, कुणाकडून काही घेत नाही. शोषण होतंय ते दुसऱ्याच पानावर. तुझा जन्म कुमारी मातेच्या पोटी झाला, असं त्याचे आईबाप त्याला दहा-अकरा वर्षांचा असताना सांगून ठेवतात. एवढ्या पोरावर हे ओझं टाकलं म्हणून जॉनला संताप येतो. तिथं वाद घाला. तो खरा वाद होतो, आणि आश्चर्य म्हणजे रोज पूजा करणारे आणि न करणारे तिथं एका बाजूला येतात.

शिवाय ओवेनचं भाकीत पूर्ण बरोबरही नाही. स्वप्नात त्याला व्हिएतनामी मुलं आणि ताडाची झाडं दिसतात, म्हणून तो गृहीत धरतो की हे व्हिएतनाममध्ये होणार, आणि तिकडं जायची धडपड करतो. प्रत्यक्षात घडतं ते अमेरिकेतच, ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या विमानतळावर. ताड तिथंही आहेत. दृष्टान्त खरा आणि अर्थ चुकीचा: हा बारकावा दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे, म्हणून तो हमखास सुटतो. समन्वयकानं तो मुद्दाम काढावा.

पहिल्या प्रकरणांतला चर्चचा खल रटाळ वाटतो म्हटलं, त्याला साताऱ्यात एक सोय आहे. ओवेन-जॉनच्या गावात एक चर्च काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचं. त्याच पंथाच्या लोकांनी न्यू इंग्लंडमधल्या बॉस्टनहून जे मिशन पाठवलं, तेच आपल्याकडं अमेरिकन मराठी मिशन म्हणून आलं. एकोणिसाव्या शतकात साताऱ्यात त्याचं ठाणं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मिशनचे. १९१७च्या सुमारास त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्तावर त्यांनी अभंग लिहिले, वारकऱ्यानं विठ्ठलाशी बोलावं तसे. म्हणजे न्यू हॅम्पशरमधलं ते पांढऱ्या लाकडाचं चर्च वाटतं तितकं लांबचं नाही. एवढं सांगितलं तरी लोक पहिली साठ पानं जरा प्रेमानं वाचतात.

मैत्रीबद्दल मात्र गंमत अशी की कागदांवर ती सगळ्यात कमी येते. सगळे श्रद्धेवर लिहितात. त्यावर सज्जनगडाचा आधार घ्यायला हरकत नाही. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती आहे आणि आठवा समास सख्यभक्तीचा, म्हणजे मैत्री ही भक्तीचीच एक जात. तिथं समर्थांचं सांगणं व्यवहारी आहे: ज्याच्याशी सख्य करायचं त्याला जे आवडतं तसं आपण वागायचं. जॉन नेमकं तेच करतो. त्याला तेव्हा देवबिव काही दिसत नाही; ओवेन म्हणतो म्हणून तो त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं एकच फालतू कसरत करत राहतो. ओवेननं चेंडू घेऊन उडी मारायची, जॉननं त्याला हातांवर झेलून वर उचलायचं, ओवेननं चेंडू बास्केटमध्ये टाकायचा. आधी चार सेकंदांच्या आत, मग तीनच्या. कशासाठी, ते जॉनला ठाऊक नाही. चमत्कार म्हणून शेवटी जे दिसतं ते या सरावातून बनलेलं असतं. बैठकीत मोबाईलवर तीन सेकंद लावून दाखवा. ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन.’ संपलं. एवढ्या वेळात, शेवटी त्या फिनिक्सच्या विमानतळावर, एक माणूस दुसऱ्याच्या हातात ग्रेनेड देतो, त्याला उचलतो आणि खोलीभर मुलं वाचतात.

(जाता जाता: ओवेन मीनीची इंग्रजी आद्याक्षरं ओ आणि एम, म्हणजे ॐ, असा शोध दर चर्चेत कुणीतरी लावतंच. हसून सोडून द्यावं. ती आद्याक्षरं ग्युंटर ग्रासच्या ‘द टिन ड्रम’मधल्या ऑस्कर मात्सेराटला दिलेली सलामी आहे, तोही न वाढलेला, तोही विचित्र आवाजाचा. आणि १९९८चा ‘सायमन बर्च’ हा सिनेमा दाखवून वेळ वाचवू नका. त्यात पुस्तक इतकं बदललंय की आयर्विंगनं नायकाचं नाव वापरू दिलं नाही.)

शेवटच्या बैठकीचा उतारा करताना एक शब्द फार जपून निवडावा लागतो. विमानतळावर ओवेन त्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलतो: भिऊ नका, खाली झोपा. मुलं ऐकतात, कारण त्याचा आवाज त्यांच्याच आवाजासारखा आहे. बहुतेकजण पहिल्या झटक्यात ‘घाबरू नका’ लिहितात. ते नैसर्गिकही वाटतं. पण आधी, नाताळच्या नाटकात, दोरीला टांगलेला देवदूत आपलं वाक्य विसरतो आणि गव्हाणीत निजलेला ओवेन त्याला ते पुरवतो. ते वाक्य लूकच्या शुभवर्तमानातलं, आणि मराठी बायबलमध्ये ते ‘भिऊ नका’ असंच आहे. एका ठिकाणी ‘भिऊ’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘घाबरू’ केलं की शेकडो पानांचा धागा तुटतो, आणि कुणाला कळतही नाही की काय तुटलं.

यावर आक्षेप येतो. ‘भिऊ नका’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं रिक्षाच्या मागच्या काचेवरचे अक्कलकोटचे स्वामी येतात, ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’. येऊ द्यावेत. दोन्ही उताऱ्यांत ‘भिऊ नका’ ठेवा, समासात लाल रेघ मारा, आणि वाचणाऱ्याला आठवण द्या की ‘नका’वर सूर खाली सोडायचा नाही.